वोकिंग : रेल्वे, दफनभूमी आणि माळरान

प्रस्तावना : इंग्लंडमधील सरे परगण्यातील वोकिंग हे लंडनला रोज रेल्वेने ये-जा करणाऱ्या नोकरदारांचे नगर होय. त्याची वाढ व तेथील वन्यजीव यांचा संबंध प्रस्तुत लेखात तपासला आहे.

नगराची वाढ : १८३८ मध्ये रेल्वे आली तेव्हा स्थानकाभोवती माळरानच होते, जुने गाव दूर वे नदीकाठी होते. १८५२ च्या कायद्यान्वये लंडन नेक्रोपोलिस कंपनीने राजधानीतील मृतांसाठी येथील २,००० एकरांहून अधिक माळ मिळवला. १८५४ मध्ये ब्रुकवुड दफनभूमी सुरू झाली; उद्योगपती जमशेटजी टाटा यांची समाधी तेथेच आहे. उरलेली बरीचशी जमीन कंपनीने पुढे विकली. परिणामी, मृतांच्या नावाने घेतलेल्या भूमीवर जिवंतांची घरे उभी राहिली.

वन्यजीव : रेताड, आम्लधर्मी जमिनीत पीक येत नसल्याने हॉर्सेल कॉमनसारखे हेदर झुडपांचे माळ टिकून राहिले. तेथे रातवा व वुडलार्क हा चंडोल जमिनीवर, तर डार्टफर्ड वॉर्ब्लर बुटक्या झुडपांत घरटे करतो. फिरायला येणारी माणसे व त्यांची कुत्री यांमुळे हे पक्षी घरट्यांवरून उठतात. २००५ मध्ये थेम्स बेसिन हीथ्स हे विशेष संरक्षित क्षेत्र जाहीर झाले. त्याच्या ४०० मीटरच्या आत नव्या घरांना सहसा परवानगी मिळत नाही.

समारोप : एकेकाळी निरुपयोगी ठरलेला माळच आज नगराच्या विस्ताराची मर्यादा ठरवतो.