कुट्टूचें पीठ : एका अडचणीचा इतिहास



नवरात्र जवळ आलें कीं शहरांतील वाण्याच्या दुकानीं राजगिऱ्याच्या पिठाशेजारीं करड्या रंगाचें आणखी एक पीठ दिसूं लागतें. उत्तर हिंदुस्थानांतील कुटुंबें तें नेमानें नेतात. आपल्याकडे तें फारसें कोणी नेत नाहीं, कारण त्याची पोळी लाटावयास जावें तर तिच्या कडा फाटतात. हें कुट्टूचें पीठ. या एका अडचणीवर निरनिराळ्या देशांतील माणसांनीं कशी मात केली, त्याचा इतिहास आज थोडक्यांत सांगावयाचा आहे.

गहूं, तांदूळ, ज्वारी हीं सर्व गवताच्या कुळांतील धान्यें. कुट्टूचें झाड गवत नव्हे. आपला आंबट चुका ज्या कुळांतला, त्याच कुळांतलें तें आहे. म्हणून धान्यांत त्याची गणना होत नाहीं, व उत्तरेंत तें उपवासास चालतें. कणीक ज्याच्यामुळें ताणली जाते, तो ग्लुटेन नांवाचा चिवट अंश त्याच्या तिकोनी दाण्यांत मुळींच नाहीं. पोळी फाटण्याचें कारण हेंच.

हें पीक मूळचें चीनच्या नैर्ऋत्य डोंगराळ भागांतलें. हलक्या जमिनींत तें अडीच-तीन महिन्यांत हातीं येतें. त्यामुळें जेथें थंडी फार किंवा जमीन निकस, तेथील गरिबांस त्याचा मोठा आधार झाला. जपानांत ७२२ सालीं पावसानें ओढ दिली तेव्हां सम्राज्ञी गेन्शो हिनें प्रजेस जव व गव्हाबरोबर हेंहि पेरण्याची आज्ञा केली. पुढें तें युरोपांत पोंचलें. रशियन भाषेंतील त्याचें नांव ग्रीकांवरून, तर फ्रेंच भाषेंतील नांव सारासेन लोकांवरून पडलें. दोन्ही ठिकाणीं पाहुणेपणाची खूण नांवांत राहून गेली.

आतां तें खावयाचें कसें? रशियन माणसानें पीठ करण्याच्या भानगडींत न पडतां दाणाच भाजला, दुप्पट पाण्यांत मंद आंचेवर शिजविला व वर लोणी घातलें. हीच त्यांची काशा. फ्रान्सच्या ब्रिटनी प्रांतांत लोकांनीं पीठ पाण्यांत सैल कालवून तापल्या तव्यावर पसरलें; तें आपलें धिरडेंच म्हणा ना! नेपाळांत उकळत्या पाण्यांत पीठ घालून घोटतात व घट्ट ढिंडो करतात. जपान्यांनीं पीठ मळून, लाटून त्याच्या बारीक शेवया कापल्या. किसो खोऱ्यांतील एका मठाच्या कागदपत्रांत १५७४ सालीं त्यांचा उल्लेख सांपडतो. शेवया तुटूं नयेत म्हणून आठ भाग कुट्टूंत दोन भाग गहूं मिसळण्याची रीत तेथें रूढ झाली. आपल्या उत्तरेंत उपवासास गहूं वर्ज्य. म्हणून उकडलेला बटाटा किंवा अरवी कुसकरून पिठांत घालतात व पुऱ्या तळतात.

कोणी दाणा अखंड ठेवला, कोणी पीठ सैल केलें, कोणी गरम पाण्याचा आधार घेतला, कोणी सोबती शोधला. यांत पुस्तकी विद्या कांहींच नव्हती. घरोघरच्या चुलीपुढें झालेला हा शोध आहे. इतिहासांत राजांचीं नांवें राहतात, या बायकांचीं राहिलीं नाहींत. त्यांची विद्या मात्र आपल्या ताटांत राहिली आहे.

ती आपल्यालाहि परकी नाहीं. ज्वारीच्या पिठांत तरी ग्लुटेन कोठें आहे? पण गरम पाणी घालून, मळून मळून, आपल्या आयाबहिणी त्याची भाकरी थापतातच. पीठ जुनें झालें कीं त्याची विरी जाते, हेंहि त्यांस पक्कें ठाऊक असतें. कुट्टूच्या बाबतींत ही ताजेपणाची खबरदारी दुप्पट घ्यावी, कारण त्या दाण्यांत तेलाचा अंश असून पीठ लवकर खंवट होतें. एप्रिल २०११ मध्यें चैत्री नवरात्रांत दिल्ली व आसपास कुट्टूच्या पिठाचे पदार्थ खाऊन शेकडो माणसें आजारी पडलीं. ज्या पदार्थानें दुष्काळांत माणसें जगविलीं, तोच निष्काळजीपणानें विषासमान होऊं शकतो.

म्हणून पीठ थोडें व ताजेंच आणावें; जमल्यास दाणे आणून घरीं दळावे. कडवट किंवा कुबट वास आला तर मोह न धरतां टाकून द्यावें. एक वाटी पिठांत एक उकडलेला बटाटा, सैंधव, मिरची व जिरें घालून, गरम पाण्याच्या हबक्यानें भिजवून थालीपीठ थापावें, किंवा सैल कालवून धिरडें घालावें. साबुदाणा ज्या कंदापासून होतो तो अमेरिकेंतून आलेला. तो आपण उपवासाच्या ताटांत घरचा करून घेतला. हिमालयांतल्या या शेजाऱ्यासहि तेथें एक जागा द्यावयास काय हरकत आहे?