'द नाइट वॉच'ची गिगापिक्सेल प्रतिमा

'द नाइट वॉच'ची गिगापिक्सेल प्रतिमा ही डच चित्रकार रेम्ब्रांट यांच्या १६४२ मधील तैलचित्राची डिजिटल प्रतिमा आहे. ॲमस्टरडॅम येथील रायक्सम्यूझियमने ती जानेवारी २०२२ मध्ये आपल्या संकेतस्थळावर सर्वांसाठी विनामूल्य उपलब्ध करून दिली.

८,४३९ छायाचित्रे संगणकाद्वारे जोडून ७१७ गिगापिक्सेलची, म्हणजेच ७१,७०० कोटी बिंदूंची, ही प्रतिमा तयार झाली. लगतच्या दोन बिंदूंमधील अंतर ५ मायक्रोमीटर, अर्थात मिलिमीटरचा दोनशेवा भाग आहे. दर्शकाला हवा तो भाग मोठा करून कुंचल्याचे फटकारे, रंगकण आणि सूक्ष्म भेगा न्याहाळता येतात. १९७५ मध्ये चाकूहल्ला सोसलेल्या मूळ चित्राच्या इतके निकट जाणे सर्वसामान्यांना शक्य नसते.

ही प्रतिमा मुळात २०१९ मध्ये सुरू झालेल्या संशोधन व जतन प्रकल्पासाठी घेण्यात आली. चित्रात काळानुसार होणारे बदल भविष्यात तिच्याशी ताडून पाहता येतील. १७१५ मध्ये नगरभवनातील भिंतीवर बसविण्यासाठी चित्राच्या चारही कडा कापण्यात आल्या. ते तुकडे सापडलेले नाहीत. त्यामुळे ही प्रतिमा मूळ कलाकृतीच्या केवळ उरलेल्या भागाची नोंद ठरते.