घरी रुग्णाची काळजी घेताय? तुमच्यासाठी मदत कुठे मिळते

पक्षाघात, स्मृतिभ्रंश, पार्किन्सन्स, शेवटच्या टप्प्यातला कॅन्सर किंवा तीव्र मानसिक आजार असलेल्या माणसाचं घरी सगळं करणारी व्यक्ती बहुतेक वेळा पत्नी, सून किंवा लेक असते. कधी नवरा किंवा मुलगाही असतो. या कामाला पगार नाही, रविवार नाही, आणि केसपेपरवर त्या व्यक्तीचं नाव फक्त ‘नातेवाईक’ म्हणून येतं.

आपल्याकडे ‘काळजी घेणाऱ्यांसाठी’ अशी पाटी लावलेलं कार्यालय सहसा सापडत नाही. मदत आहे, पण ती बहुतेक रुग्णाच्या नावाने आणि वेगवेगळ्या खात्यांत विखुरलेली. म्हणून कुठे जाऊन नेमकं काय मागायचं, हे आधी माहीत असावं लागतं. इथली माहिती मुख्यतः महाराष्ट्रातल्या कुटुंबांसाठी आहे.

आधी तुमची तपासणी

रुग्णाला घेऊन दवाखान्यात याल तेव्हा डॉक्टरांना स्पष्ट सांगा, “घरी यांचं सगळं मीच करते, माझंही बघा.” स्वतःचा वेगळा केसपेपर काढा. रुग्णाच्या गोळ्या घड्याळ लावून देणाऱ्या, पण स्वतःची बीपीची गोळी महिनाभर विसरलेल्या बायका ओपीडीत नेहमी भेटतात. रात्री चार-पाच वेळा उठावं लागत असेल, कंबर धरली असेल, वजन घटलं असेल, सतत रडू येत असेल किंवा रुग्णावर ओरडून नंतर अपराधी वाटत असेल, तर हे सगळं डॉक्टरांना सांगण्यासारखंच आहे. यात स्वभावाचा दोष शोधू नका. झोप अनेक आठवडे तुटत राहिली की कुणाचाही तोल जातो.

मन फार खचलं असेल तर १४४१६ या क्रमांकावर ‘टेली मानस’ ही सरकारी सेवा २४ तास मोफत आहे आणि मराठीत बोलता येतं. हा फोन रुग्णासाठीच असतो असं नाही, तुम्ही स्वतःसाठीही करू शकता. जीव द्यावासा वाटणं किंवा रुग्णाला इजा करण्याचे विचार येणं, यापैकी काहीही असेल तर वाट पाहू नका. त्याच दिवशी फोन करा, घरातल्या कुणाला तरी सांगा आणि रुग्णाजवळ दुसऱ्या कुणाला बसवून डॉक्टरांकडे या.

डिस्चार्जच्या आधी शिकून घ्या

घरच्यांचे निम्मे हाल मला टाळता येण्याजोगे वाटतात, कारण ते न शिकवल्यामुळे होतात. बिल भरायच्या गडबडीत कुणी काही सांगत नाही. म्हणून डिस्चार्जच्या आदल्या दिवशी वॉर्डातल्या सिस्टर आणि फिजिओथेरपिस्ट यांना थांबवून, त्यांच्यासमोर स्वतःच्या हाताने करून बघा. रुग्णाला साधारण दर दोन तासांनी कुशीवर कसं वळवायचं, खालच्या चादरीच्या मदतीने वर कसं सरकवायचं, बेडवरून खुर्चीत बसवताना आपली कंबर न वाकवता गुडघे कसे वाकवायचे, हे बघून नाही, करूनच येतं. नाकातून नळी असेल तर भरवताना डोकं किती उंच ठेवायचं, लघवीची पिशवी कुठे लटकवायची आणि कोणत्या लक्षणांवर लगेच परत आणायचं, हे लिहून घ्या. मोबाइलवर व्हिडिओ काढायची परवानगी मागा. बहुतेक ठिकाणी मिळते.

गावात असाल तर आशाताईंना आणि जवळच्या आयुष्मान आरोग्य मंदिरातल्या आरोग्य अधिकाऱ्यांना घरी अंथरुणाला खिळलेला रुग्ण असल्याचं कळवा. फिजिओथेरपीसाठी जिल्हा किंवा उपजिल्हा रुग्णालयात चौकशी करा.

काही तासांची सुटका

खरी टंचाई इथेच आहे. तुमच्या जागी कुणीतरी चार तास बसणं, ही सगळ्यात उपयोगी आणि सगळ्यात कमी मिळणारी मदत.

शहरात ब्युरोतर्फे मावशी किंवा ब्रदर मिळतात, १२ किंवा २४ तासांसाठी. आधी विचारा: ही व्यक्ती प्रशिक्षित नर्स आहे की फक्त अटेंडंट? अटेंडंट आंघोळ घालेल, भरवेल, डायपर बदलेल. इंजेक्शन देणं किंवा नळी बसवणं हे तिचं काम नाही. ओळखपत्र आणि पोलीस पडताळणी पाहा, सुट्टीच्या दिवशी बदली माणूस कोण देणार ते ठरवा, आणि पहिले काही दिवस घरात थांबून तिचं काम पाहा.

कॅन्सर किंवा बरा न होणारा आजार असेल तर ‘उपशामक उपचार’, म्हणजे पॅलिएटिव्ह केअर, हा शब्द वापरून चौकशी करा. पुण्यात वारजे इथलं सिप्ला फाउंडेशनचं केंद्र १९९७ पासून ही सेवा मोफत देतं. मुंबईत वांद्र्याला १९८६ मध्ये सुरू झालेलं शांती अवेदना सदन प्रगत अवस्थेतल्या कॅन्सर रुग्णांना ठेवून घेतं, त्यांचं केंद्र गोव्यातही आहे. ‘तिथे ठेवलं म्हणजे टाकून दिलं’ असं अनेकांना वाटतं. वेदना आटोक्यात आणणं आणि घरच्यांना शिकवणं हेही या केंद्रांचं काम असतं, आणि काही रुग्ण बरं वाटल्यावर घरी परततात.

सामान विकत घेण्याची घाई करू नका. कमोड खुर्ची, वॉकर, व्हीलचेअर, एअर बेड या वस्तू अनेक गावांत रुग्णोपयोगी साहित्य केंद्रांतून अनामत रक्कम ठेवून नाममात्र भाड्याने मिळतात. गणेश मंडळं, देवस्थानं, रोटरीसारख्या संस्था ती चालवतात. औषधाच्या दुकानात विचारलं तरी पत्ता मिळतो.

कागद आणि पैसे

अपंगत्व कायमचं असेल तर यूडीआयडी कार्ड काढा. सरकारी रुग्णालयात तपासणी होते, अर्ज ऑनलाइन करता येतो. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातल्या २१ प्रकारांत पार्किन्सन्स आणि मानसिक आजारही येतात. ४० टक्के किंवा अधिक अपंगत्व असेल तर बऱ्याच सवलतींचं दार उघडतं. एकट्याने प्रवास न करू शकणाऱ्या रुग्णाच्या सोबत्यालाही रेल्वेत सवलत मिळते. अशा अवलंबून असलेल्या नातेवाइकाचा खर्च तुम्ही करत असाल, तर जुन्या करप्रणालीत प्राप्तिकरात ७५ हजार रुपयांची वजावट मिळते. अपंगत्व ८० टक्के किंवा जास्त असेल तर ती सव्वा लाख आहे.

याच कायद्यात काळजी घेणाऱ्याची व्याख्या ‘मोबदला घेऊन किंवा न घेता’ अशी केली आहे आणि जास्त आधार लागणाऱ्यांसाठी काळजीवाहक भत्त्याचा उल्लेखही आहे. प्रत्यक्ष योजना सरकारांनी आणायची असते. केरळमध्ये ‘आश्वासकिरणम्’ नावाने असं मासिक अनुदान आहे.

उत्पन्न कमी असेल तर तहसील कार्यालयात संजय गांधी निराधार अनुदान योजनेची चौकशी करा. ६५ वर्षांवरील आणि दोन लाखांच्या आत कौटुंबिक उत्पन्न असलेल्यांना मुख्यमंत्री वयोश्री योजनेत साधनांसाठी एकदा ३ हजार रुपये मिळतात. २०२४ पासून ७० वर्षांवरील सर्वांना, उत्पन्न कितीही असो, आयुष्मान भारत योजनेत वर्षाला पाच लाखांपर्यंत संरक्षण आहे. पण ते रुग्णालयात भरती झाल्यावर. मावशीचा पगार आणि डायपर यातून निघत नाहीत, तेव्हा महिन्याचा हिशेब त्याशिवायच करा.

भावंडं आणि सोबत

“काही लागलं तर सांग” म्हणणाऱ्या दिराला किंवा भावाला नेमकं काम सांगा: दुसऱ्या आणि चौथ्या शनिवारी सकाळी दहा ते सहा तुम्ही इथे थांबायचं. परदेशातल्या भावंडाने मावशीचा पगार थेट ब्युरोला पाठवावा. मुलं आई-वडिलांचा खर्चच नाकारत असतील तर २००७ च्या ज्येष्ठ नागरिक कायद्याखाली पालकांच्या वतीने प्रांताधिकाऱ्यांकडील न्यायाधिकरणात निर्वाह खर्च मागता येतो. त्याआधी १४५६७ या ‘एल्डरलाइन’ क्रमांकावर बोला. सकाळी आठ ते रात्री आठ इथे ज्येष्ठांच्या योजना आणि कायद्याची माहिती मोफत मिळते.

त्याच आजाराच्या इतर घरांशी ओळख करून घेणं फार उपयोगी पडतं. पुण्यात पार्किन्सन्स मित्रमंडळ आणि स्किझोफ्रेनिया अवेअरनेस असोसिएशन आहे, तर स्मृतिभ्रंशासाठी एआरडीएसआय ही देशव्यापी संस्था आहे. संशयाने ताट ढकलणाऱ्या सासूबाईंना कसं भरवायचं, याची युक्ती माझ्यापेक्षा तिथे आलेल्या एखाद्या सुनेला जास्त माहीत असते. जाणं जमत नसेल तर फोन करून त्यांचा ग्रुप आहे का ते विचारा.