दोन सूत, बावीस आटे

१९९० साली मी एका परवानाधारक बंदूक-दुरुस्तीच्या दुकानात उमेदवारी करत होतो. शिक्षण आयटीआय फिटर, तेवढेच. एके दिवशी दुकानात एक जुनी जर्मन बनावटीची माउझर रायफल आली. चापाखालची कमान, लाकडी दस्ता आणि वरचा पोलादी भाग यांना एकत्र आवळणारे दोन स्क्रू असतात. त्यांतला पुढचा हरवला होता. भोक मोजले तर दोन सूत, म्हणजे पाव इंच. पाव इंची व्हिटवर्थ स्क्रू लावून पाहिला, तो एका फेऱ्यात अडला. बारीक आट्यांचा बीएसएफ लावला, तोही अडला. उस्ताद जेवायला गेले होते. मी सहा मिलिमीटरचा टॅप तेलात बुडवला आणि फिरवला. तो करकरत आत गेला, स्क्रूही बसला.

उस्तादांनी परत आल्यावर दोन बोटांनी स्क्रू हलवून पाहिला. तो लटपटत होता. ते एवढेच म्हणाले, "जुने आटे खाल्लेस. इंचाला बावीस होते. मोजायचे नाहीत का?"

बोलणी मी विसरलो असतो, पण आकडा विसरलो नाही. पाव इंची व्हिटवर्थला इंचाला २० आटे असतात, बीएसएफला २६. मग हे बावीस आले कुठून? आणि मीटर-सेंटीमीटरच्या जर्मनीत मुळात इंच कशाला? पुढची तीस-पस्तीस वर्षे फावल्या वेळात मी जे वाचत आणि मोजत आलो, त्याची सुरुवात या प्रश्नापासून झाली.

एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला इंग्लंडमध्ये प्रत्येक कारखान्याचा स्क्रू वेगळा असे. मँचेस्टरच्या जोसेफ व्हिटवर्थने ठिकठिकाणच्या कारखान्यांतले स्क्रू गोळा केले, त्यांची सरासरी काढली आणि १८४१ मध्ये सिव्हिल इंजिनिअर्सच्या संस्थेपुढे आपली पद्धत मांडली. आट्याचा कोन ५५ अंश, आणि प्रत्येक जाडीला इंचामागे ठरलेले आटे. रेल्वेने ती उचलली आणि रेल्वेबरोबर ती जगभर गेली. आपल्याकडच्या गिरण्यांत आणि वर्कशॉपांत परवापरवापर्यंत हाच हिशेब चालत होता.

बंदुकीचा धंदा मात्र जुना, रेल्वेच्या कितीतरी आधीचा. बर्मिंगहॅमच्या परिसरात एक जण नळी करी, दुसरा घोड्याचे लॉक, तिसरा दस्ता आणि चौथा सगळे जुळवी. स्क्रूला हे कारागीर स्क्रू म्हणतच नसत. त्यांच्या भाषेत तो खिळा किंवा पिन. आटे पाडायला भोके असलेली पोलादी पट्टी असे. तारेचा तुकडा तिच्यात पिळायचा. त्या पट्टीत धातू कापला जाण्यापेक्षा दाबला जाई आणि पट्टी झिजली की आटेही बदलत. एका लॉकचे स्क्रू दुसऱ्याला बसतील अशी अपेक्षाच नव्हती. घोळ होऊ नये म्हणून कारागीर जोडीच्या भागांवर कानशीने बारीक ओरखडे मारून ठेवी.

१८५१ च्या लंडनच्या प्रदर्शनात व्हरमाँटच्या रॉबिन्स अँड लॉरेन्स कंपनीने रायफली मांडल्या. त्यांचे भाग एकमेकींत बिनघोर बदलता येत. ब्रिटिश सरकारने १८५४ मध्ये माणसे अमेरिकेला पाठवली, त्या कंपनीकडून आणि चिकोपीच्या एम्स कारखान्याकडून यंत्रे विकत घेतली आणि ती लंडनजवळच्या एन्फिल्डच्या सरकारी कारखान्यात बसवली. यंत्रांवर देखरेखीला जेम्स बर्टन हा अमेरिकन इंजिनिअर आला. १८५३ च्या नमुन्याची एन्फिल्ड, म्हणजे काडतुसांवरून आपल्याकडे वणवा पेटवणारी तीच बंदूक, आता यंत्रावर तयार होऊ लागली.

तरीही या सुधारलेल्या कारखान्याने सरसकट व्हिटवर्थचे आटे घेतले नाहीत. कारण समजायला वेळ लागला, पण ते साधे आहे. एन्फिल्डला आपले भाग जुळवायचे होते ते मंजूर झालेल्या नमुना-बंदुकीशी, शेजारच्या इंजिन-कारखान्याशी नव्हे. हजार बंदुकांचे हजार स्क्रू एकमेकांत बसले की काम झाले. बाहेरच्या बाजारातला स्क्रू त्यांत न बसणे हा दोष कोणाला वाटला नाही. माझ्या मते लष्करी साठवणुकीच्या दृष्टीने तो गुणच वाटला असेल. एकसारखेपणा आला, पण भिंतीच्या आतल्या आत. गंमत म्हणजे याच काळात सरकारने खुद्द व्हिटवर्थला रायफलीच्या संशोधनाला लावले होते. त्याने षट्कोनी पोकळीची रायफल केली. ती लांबच्या नेमात एन्फिल्डपेक्षा सरस ठरली, तरी सैन्याने स्वीकारली नाही. त्याचे आटे जगाने घेतले, बंदूक घेतली नाही.

जर्मनीतल्या यंत्रशाळांतही व्हिटवर्थचा इंच मुरलेला होता. १८९८ च्या माउझरची नळी इंचाला १२ आट्यांनी बसते, कोन ५५ अंश. दस्त्याचे स्क्रू पाव इंची, आटे २२. त्याच १८९८ साली झुरिकच्या परिषदेने मिलिमीटरचे आटे ठरवून दिले. रायफलीला ते मानवले नाहीत, कारण एकदा लाखो नग निघाले की आटा बदलणे म्हणजे जुना साठा बाद करणे. रशियाची मोसिन तर 'तीन लिनी' नावानेच ओळखली जाई. लिनी म्हणजे इंचाचा दहावा भाग. तीन लिनी म्हणजे आपले परिचित ७.६२ मिलिमीटर. तिच्या नळीला इंचामागे १६ आटे. ली-एन्फिल्डला १४, आणि आपल्या ईशापूरला तीच रायफल बनत होती. दुसऱ्या महायुद्धात इंग्रजी ५५ अंश आणि अमेरिकी ६० अंश यांनी मित्रराष्ट्रांच्या दुरुस्तीशाळांना इतके छळले, की १९४८ मध्ये अमेरिका, ब्रिटन आणि कॅनडा यांनी ६० अंशांच्या सामाईक आट्यांवर सही केली. जुन्या बंदुकांचे स्क्रू अर्थातच जिथे होते तिथेच राहिले.

दोन वर्षांपूर्वी एका छोट्या संग्रहालयाने मला ठासणीची एक बंदूक दाखवली. लॉकच्या पत्र्यावर मुकुट आणि 'टॉवर' अशी अक्षरे. लॉक दस्त्याला धरणाऱ्या दोन लांब स्क्रूंपैकी एक गायब. तिथले गृहस्थ म्हणाले, "बाजारातला बसवून टाका हो, कोण उघडून बघणार आहे?"

मी उघडून बघितले. उरलेला स्क्रू दुसऱ्या भोकात जाईना. लॉकच्या आत दोन भागांवर कानशीचे तीन-तीन ओरखडे होते. म्हणजे 'टॉवर' हा शिक्का सांगतो तसे हे काम एन्फिल्डच्या यंत्रावरचे नाही, ठेकेदाराकडच्या हातांचे आहे. त्या भोकात टॅप फिरवला असता तर या पुराव्याचा निम्मा भाग तासाच्या भुश्शात गेला असता.

ओळखीच्या दंतवैद्याकडून कवळीचे माप घेण्याचा मसाला आणला आणि भोकाचा ठसा काढला. आटे कोणत्याही पूर्ण आकड्यात बसेनात. पण हा स्क्रू लॉकच्या पातळ पत्र्यात जेमतेम पाच-सहा आटेच धरतो, त्यामुळे लेथच्या गिअरांवर जमेल तो सर्वांत जवळचा आकडा चालून गेला. जाडी मुद्दाम केसभर कमी ठेवली, म्हणजे झिजला तर नवा स्क्रू झिजेल, भोक नव्हे. टोकावर, दस्त्याबाहेर दिसणार नाही अशा जागी, सालाचा शिक्का मारला आणि मसाल्याचा ठसा डबीत घालून संग्रहालयाच्या कपाटात ठेवायला दिला.