वॉर्डांमधली भिंत

१९६० च्या दशकाच्या सुरुवातीची अमेरिका. दक्षिणेकडच्या राज्यात एखादी कृष्णवर्णीय बाई बाळंतपणासाठी इस्पितळात गेली, तर तिची खाट कुठे असेल हे तिच्या कातडीचा रंग ठरवायचा. कुठे वेगळा वॉर्ड, कुठे तळघर, कुठे दारच बंद. ही भिंत सरकारी पैशावर उभी होती. १९४६ च्या हिल-बर्टन कायद्याने इस्पितळं बांधायला केंद्राचा निधी दिला आणि 'वेगळी पण समान' सोय चालवून घेतली.

पहिला धक्का दिला तो ग्रीन्सबरोच्या जॉर्ज सिमकिन्स या कृष्णवर्णीय दंतवैद्याने. त्याने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी इस्पितळांवर खटला भरला आणि १९६३ मध्ये तो अपिलात जिंकला. पण एकेका इस्पितळाला कोर्टात खेचायचं तर पिढ्या गेल्या असत्या.

इथे लिंडन जॉन्सन यांचं प्रशासन येतं. २ जुलै १९६४ च्या नागरी हक्क कायद्यात एक कलम होतं: केंद्राचा पैसा घेणाऱ्या संस्थेला वंशभेद करता येणार नाही. मग ३० जुलै १९६५ ला मेडिकेअर आलं, म्हणजे ६५ वर्षांवरच्यांसाठी सरकारी आरोग्य विमा. या दोन कायद्यांची गाठ मारली की हिशोब सरळ होता: म्हाताऱ्या रुग्णांचं बिल सरकारने भरायला हवं असेल, तर आधी भिंत पाडा.

कागदावरचे कायदे आपल्याला नवे नाहीत. खरा प्रश्न तपासायला कोण जाणार हा होता. सरकारने इतर खात्यांतून माणसं गोळा करून इस्पितळोइस्पितळी पाठवली. तिथल्या कृष्णवर्णीय नर्सेस आणि कार्यकर्त्यांनी त्यांना आतली खरी माहिती पुरवली. १ जुलै १९६६ ला मेडिकेअर सुरू झालं. तोवर काही महिन्यांतच सुमारे हजार इस्पितळांनी वॉर्ड एकत्र केले होते.

हे यश अर्धं होतं. खाजगी डॉक्टरांना हा नियम लावला गेला नाही, त्यामुळे त्यांच्या दवाखान्यांतल्या वेगळ्या खोल्या काही काळ तशाच राहिल्या. पुढे व्हिएतनामच्या युद्धाने जॉन्सन यांचा पैसाही खाल्ला आणि नावही.

या गोष्टीला आपल्याकडचाही एक धागा आहे. याच प्रशासनाने ३ ऑक्टोबर १९६५ ला स्थलांतराचा नवा कायदा केला. त्याआधी भारताचा कोटा होता वर्षाला फक्त १००. दार उघडल्यावर गेलेल्या भारतीय डॉक्टरांत मराठी डॉक्टरही होते. तुमच्या नात्यात तेव्हा गेलेले एखादे डॉक्टर काका असतील, तर ते ज्या वॉर्डातून राउंड घेत फिरले, तिथे काही वर्षांपूर्वीपर्यंत कदाचित एक भिंत होती.

ती पाडणाऱ्या सगळ्याच व्यवस्थापकांची मनं बदलली होती असं नाही. पैसा थांबेल, एवढंच त्यांना कळलं होतं. खाटेवरच्या बाईला मात्र त्यांची मनं बदलेपर्यंत थांबावं लागलं नाही.