मेंदूतील गाठ क्षयाची की कर्करोगाची?

दोंडाईचा, प्रतिनिधी

मिरचीच्या हंगामात दोंडाईचाच्या बाजारपेठेत खोकल्याचे कोणाला नवल वाटत नाही. ठसका लागला की दोष मिरचीला दिला जातो. खोकला दोन आठवड्यांहून अधिक लांबला की क्षयाचा संशय येतो आणि तो रास्तही असतो. परंतु याच खोकल्यामागे काही वेळा फुप्फुसाचा कर्करोग दडलेला असतो. काही रुग्णांमध्ये तर त्याची पहिली ठळक खूण छातीत नव्हे, डोक्यात उमटते. आयुष्यात कधी फिट न आलेल्या माणसाला चाळिशी-पन्नाशीनंतर अचानक फिट येते, एका हातातील बळ कमी होते किंवा बोलताना शब्द सापडेनासे होतात. स्कॅनमध्ये मेंदूत गाठ दिसते आणि कुटुंबापुढे प्रश्न उभा राहतो : ही गाठ क्षयाची की कर्करोगाची? केवळ स्कॅनच्या चित्रावरून याचे खात्रीशीर उत्तर बहुधा मिळत नाही.

मेंदूतच का?

फुप्फुसात शुद्ध झालेले रक्त हृदयाच्या डाव्या बाजूला येते आणि तेथून सर्व शरीरात जाते. हृदयातून बाहेर पडणाऱ्या रक्ताचा सुमारे १५ टक्के वाटा एकट्या मेंदूला मिळतो. फुप्फुसातील गाठीतून सुटलेल्या कर्कपेशी या प्रवाहाबरोबर मेंदूत पोहोचतात आणि रक्तवाहिन्या अरुंद होतात तेथे अडकून वाढू लागतात. शरीराच्या अन्य अवयवांतून मेंदूत पसरलेल्या गाठींपैकी जवळपास निम्म्या गाठींचे मूळ फुप्फुसात असते. रोग असा मेंदूत पसरला की तो चौथ्या टप्प्याचा मानला जातो.

कोणत्या लक्षणांकडे दुर्लक्ष नको?

पहाटे किंवा सकाळी वाढणारी डोकेदुखी, तिच्यासोबत उलटी, दृष्टी धूसर होणे, चालताना तोल जाणे, हातापायांत दुबळेपणा, प्रथमच आलेली फिट, स्वभावात अचानक झालेला बदल ही प्रमुख लक्षणे होत. ती अर्धांगवायू, अर्धशिशी किंवा मानसिक ताणाची वाटू शकतात. सोबत लांबलेला खोकला, थुंकीतून रक्त, आवाज बसणे किंवा वजन घटणे असेल, तर छातीची तपासणी तातडीने करावी. विडी-सिगारेट न ओढणाऱ्यांनीही निश्चिंत राहू नये. मुंबईच्या टाटा मेमोरियल रुग्णालयाने २०१२मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात फुप्फुसाच्या कर्करोगाचे निम्म्याहून अधिक रुग्ण धूम्रपान न करणारे होते.

स्कॅन काय सांगते?

तातडीच्या प्रसंगी प्रथम सीटी स्कॅन केले जाते. मेंदूत रक्तस्राव आहे का, सूज किती आहे, हे त्यातून लवकर कळते. परंतु लहान गाठी त्यात निसटू शकतात. म्हणून शिरेतून औषध देऊन केलेला एमआरआय ही मेंदूसाठी अधिक विश्वासार्ह तपासणी मानली जाते. एक गाठ आहे की अनेक, हे तिच्यातून स्पष्ट होते आणि शस्त्रक्रिया किंवा किरणोपचाराचा निर्णय त्यावर ठरतो. पेट स्कॅनमुळे शरीरातील उर्वरित प्रसार समजतो. मात्र निरोगी मेंदूही साखर मोठ्या प्रमाणात शोषून घेत असल्याने मेंदूतील लहान गाठी त्यात झाकल्या जातात. पेट स्कॅन झाले म्हणून एमआरआय टाळणे योग्य नाही.

घोटाळा कोठे होतो?

भोवती कड्यासारखी चमक आणि सूज, असे कर्करोगाच्या गाठीचे चित्र दिसते. मेंदूतील क्षयाची गाठ किंवा टेपवर्मच्या अंड्यांमुळे झालेली गाठही तशीच दिसू शकते. हे दोन्ही आजार आपल्याकडे आढळतात. छातीच्या एक्स-रेवरील डागाचेही तसेच आहे. त्यामुळे थुंकीत जंतू सापडले नसतानाही क्षयाचे औषध सुरू होते आणि कर्करोगाच्या निदानापूर्वीचे मोलाचे आठवडे, कधी महिने, निघून जातात.

क्षयाचा जंतू शोधणारी सीबीनॅट चाचणी सुमारे दोन तासांत उत्तर देते. ती आधी करून घ्यावी. जंतू न सापडता उपचार सुरू झाले असतील आणि चार ते आठ आठवड्यांत एक्स-रेमध्ये सुधारणा दिसत नसेल, तर निदानाचा फेरविचार करण्याची विनंती डॉक्टरांना करावी. मात्र औषध स्वतःहून बंद करू नये. क्षय आणि कर्करोग एकाच रुग्णात असू शकतात, हेही लक्षात ठेवले पाहिजे.

तुकड्याशिवाय निदान नाही

उलट बाजूची चूकही घडते. १९९०मध्ये अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, कर्करोग असलेल्या आणि मेंदूत एकच गाठ दिसलेल्या ५४ रुग्णांची तपासणी झाली. त्यांपैकी ६ जणांची मेंदूतील गाठ त्या कर्करोगाची नव्हतीच. म्हणूनच गाठीचा तुकडा काढून तपासणे, म्हणजे बायॉप्सी, हा निदानाचा कणा आहे.

यासाठी दर वेळी मेंदूला हात लावावा लागत नाही. दुर्बिणीने श्वासनलिकेतून, सीटीच्या आधारे छातीतून सुईने, मानेतील सुजलेल्या गाठीतून किंवा फुप्फुसाभोवती साचलेल्या पाण्यातून नमुना घेता येतो. फुप्फुसात काहीच न सापडल्यास अथवा मेंदूतील एकमेव गाठीविषयी शंका असल्यास मेंदूतून नमुना घेतात. बायॉप्सीमुळे कर्करोग पसरतो, ही भीती लोकांमध्ये खोलवर आहे. प्रत्यक्षात असा धोका अत्यल्प असून, तपासणी टाळण्याची हानी कितीतरी मोठी आहे.

नमुन्यावरून रोग लघुपेशी प्रकारचा आहे की अन्य, हे ठरते. दुसऱ्या प्रकारात जनुकीय चाचणीही करावी लागते. टाटा रुग्णालयाच्या २०१३मधील ९०७ रुग्णांच्या अभ्यासात सुमारे २३ टक्के रुग्णांमध्ये ईजीएफआर जनुकातील बदल आढळला. अशा रुग्णांसाठी ओसिमर्टिनिबसारख्या गोळ्या उपलब्ध आहेत. त्या रक्त आणि मेंदू यांच्यामधील नैसर्गिक अडसर ओलांडून मेंदूतील गाठींवरही परिणाम करतात. एएलके जनुकात बदल असल्यास अलेक्टिनिब, लोर्लाटिनिब ही औषधे आहेत. चौथ्या टप्प्यातही निदान नेमके असणे का महत्त्वाचे, याचे हे उत्तर आहे.

रुग्णाने काय करावे?

धुळ्याच्या श्री भाऊसाहेब हिरे शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात किंवा पुढे मुंबईला जाताना केवळ अहवालाचे कागद नेऊ नयेत. एमआरआय व सीटीच्या सीडी, बायॉप्सीच्या काचपट्ट्या आणि मेणात जतन केलेला नमुन्याचा ठोकळा प्रयोगशाळेकडून मागून घ्यावा. त्यामुळे पुन्हा तुकडा काढण्याची वेळ बहुधा टळते. शिधापत्रिका व आधार कार्डही सोबत ठेवावे. धुळे जिल्ह्यात २०१२मध्ये पहिल्याच टप्प्यात सुरू झालेली राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना २०१७पासून महात्मा जोतिराव फुले यांच्या नावाने ओळखली जाते. कर्करोगावरील अनेक उपचार तिच्यात समाविष्ट आहेत. कोणती तपासणी योजनेत बसते, हे खर्च करण्यापूर्वी रुग्णालयातील आरोग्यमित्राकडून समजून घ्यावे.

फिट आली किंवा अंगातील बळ गेले, तर मात्र कागदपत्रांसाठी थांबू नये. रुग्णाला आधी जवळच्या रुग्णालयात हलवावे. मेंदूची सूज उतरवणारे उपचार तेथे त्वरित सुरू होऊ शकतात, आणि पक्क्या निदानासाठी लागणारा अवधी त्यामुळे मिळतो.