एट्रुस्कन वास्तुकला आणि संस्कृती

एट्रुस्कन संस्कृती ही मध्य इटलीत इ.स.पू. सुमारे ९०० ते इ.स.पू. पहिले शतक या काळात नांदलेली एक प्रगत नागर संस्कृती होती. आर्नो आणि टायबर या नद्यांमधील प्रदेश, म्हणजे आजचा तोस्काना, उंब्रियाचा पश्चिम भाग व लात्सिओचा उत्तर भाग, ही तिची मुख्य भूमी होय. प्राचीन काळी या प्रदेशास 'एट्रुरिया' म्हणत. भरभराटीच्या काळात एट्रुस्कनांचा विस्तार उत्तरेस पो नदीच्या खोऱ्यापर्यंत आणि दक्षिणेस कांपानियापर्यंत झाला होता.

एट्रुस्कनांनी घरे व मंदिरे प्रामुख्याने लाकूड, कच्च्या विटा आणि भाजलेली माती यांनी बांधली. थडगी मात्र खडकात कोरली किंवा दगडात रचली. परिणामी त्यांची नगरे बहुतांशी नष्ट झाली आणि दफनभूमी टिकून राहिल्या. या संस्कृतीच्या निवासी वास्तूंविषयी जे ज्ञात आहे, त्याचा मोठा भाग मृतांसाठी घडविलेल्या वास्तूंवरून मिळालेला आहे.

नाव आणि उगम

एट्रुस्कन लोक स्वतःस 'रासेन्ना' किंवा 'रास्ना' म्हणवीत. ग्रीक त्यांना 'तिऱ्हेनोइ' आणि रोमन 'तुस्की' अथवा 'एट्रुस्की' म्हणत. इटलीच्या पश्चिमेकडील तिऱ्हेनियन समुद्र व तोस्काना प्रांत यांची नावे त्यांवरूनच आली आहेत.

त्यांच्या उगमाविषयी प्राचीन काळापासून मतभेद होते. हे लोक आशिया मायनरमधील लिडियातून आले, असे ग्रीक इतिहासकार हिरोडोटस याने लिहिले आहे. तर हालिकार्नाससचा डायोनिसिअस त्यांना इटलीचेच मूळ रहिवासी मानतो. पुरातत्त्वीय पुराव्यानुसार एट्रुस्कन नगरे त्याच जागी आधी वसलेल्या लोहयुगीन व्हिलानोव्हा संस्कृतीच्या वस्त्यांतून विकसित झाली. २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्राचीन डीएनएच्या अभ्यासातही एट्रुस्कनांचा आनुवंशिक वारसा शेजारच्या इटालिक लोकांसारखाच असल्याचे दिसून आले आणि आशिया मायनरमधून अलीकडच्या काळात स्थलांतर झाल्याचा पुरावा आढळला नाही.

नगरे आणि अर्थव्यवस्था

एट्रुस्कनांचे एकसंध राज्य नव्हते. कायरे (आजचे चेर्वेतेरी), तार्क्विनिया, वेयी, वुल्ची, व्होल्तेर्रा, पेरुजा इत्यादी नगरे स्वतंत्र नगरराज्ये होती. परंपरेनुसार बारा नगरांचा एक संघ होता व त्याचे प्रतिनिधी व्होल्तुम्ना या देवतेच्या पवित्र स्थानी एकत्र जमत. एल्बा बेटावरील लोखंड आणि तोस्कानाच्या टेकड्यांतील तांबे ही त्यांच्या संपत्तीची प्रमुख साधने होती. ग्रीक व फिनिशियन व्यापाऱ्यांशी त्यांचे घनिष्ठ संबंध होते. 'बुकेरो' नावाची काळी, चकचकीत मृत्पात्रे, सोन्याचे सूक्ष्म दागिने आणि काशाच्या वस्तू यांसाठी त्यांचे कारागीर प्रसिद्ध होते.

नवे नगर विधिपूर्वक वसविण्याची पद्धत होती. नांगराने नगराच्या सीमेवर तास पाडून आतील भूमी पवित्र करण्याचा रोमन विधी एट्रुस्कनांकडून आला, असे रोमन लेखक सांगतात. बोलोन्याजवळील मार्झाबोत्तो येथे इ.स.पू. पाचव्या शतकाच्या प्रारंभीचे आखीव नगर उत्खननात सापडले आहे. तेथील रस्ते एकमेकांस काटकोनात छेदतात. मुख्य रस्ते सुमारे १५ मीटर रुंद असून त्यांच्या कडेने सांडपाण्याची गटारे आहेत. जुनी नगरे मात्र बहुधा ट्यूफा या ज्वालामुखीजन्य मऊ खडकाच्या पठारांवर, जमिनीच्या उंचसखलपणास अनुसरून वाढलेली होती.

निवासी वास्तू

सर्वांत जुनी घरे कुडाच्या भिंतींच्या, गवताने शाकारलेल्या लंबगोल झोपड्या होत्या. त्यांचे स्वरूप व्हिलानोव्हा काळातील झोपडीच्या आकाराच्या अस्थिकलशांवरून समजते. इ.स.पू. सातव्या शतकात कौलांचा वापर सुरू झाल्यावर घराच्या रचनेत मोठा बदल घडला. कौलांचे वजन पेलण्यासाठी भक्कम लाकडी सांगाडा आणि सरळ भिंती आवश्यक ठरल्या. त्यामुळे लंबगोल झोपडीची जागा आयताकृती घराने घेतली. दगडी पाया, त्यावर कच्च्या विटांच्या किंवा लाकडी चौकटीत माती भरून केलेल्या भिंती आणि वर कौलारू छप्पर, ही त्याची सर्वसाधारण रचना होती.

व्हितेर्बोजवळील आक्वारोसा हे गाव इ.स.पू. सहाव्या शतकात ओस पडले आणि त्यावर पुन्हा वस्ती झाली नाही. त्यामुळे तेथे अशा घरांचे पाये व रंगविलेली कौले मोठ्या प्रमाणावर मिळाली. सिएनाजवळील मुर्लो येथे मध्यभागी चौक असलेली, सुमारे ६० मीटर बाजूची भव्य वास्तू उजेडात आली आहे. तिच्या आढ्यावर भाजलेल्या मातीच्या मनुष्याकृती बसविलेल्या होत्या. त्यांतील रुंद काठाची टोपी घातलेल्या पुरुषाची मूर्ती विशेष प्रसिद्ध आहे. ही वास्तू राजवाडा होती की सभास्थान, याविषयी अभ्यासकांत एकमत नाही.

मंदिरे

एट्रुस्कन मंदिराचे सविस्तर वर्णन रोमन वास्तुविशारद व्हिट्रुव्हिअस याने इ.स.पू. पहिल्या शतकात आपल्या ग्रंथाच्या चौथ्या भागात केले आहे. त्यानुसार मंदिराची लांबी व रुंदी यांचे प्रमाण ६:५ असावे. मागील अर्ध्या भागात तीन गाभारे असावेत आणि त्यांच्या रुंदीचे प्रमाण ३:४:३ असावे. पुढील अर्धा भाग खांबांचा खुला मंडप असावा. खांबाची उंची मंदिराच्या रुंदीच्या एकतृतीयांश आणि तळाचा व्यास उंचीच्या एकसप्तमांश असावा. तळाशी बैठक असलेल्या, पन्हळी नसलेल्या या साध्या खांबावरून पुढे 'टस्कन' स्तंभशैली हे नाव रूढ झाले.

ग्रीक मंदिर चहूबाजूंनी पाहता व चढता येते. एट्रुस्कन मंदिर मात्र उंच जोत्यावर उभे असून त्यास केवळ समोरून पायऱ्या असत. मंदिराला निश्चित दर्शनी बाजू देण्याची ही कल्पना रोमन मंदिरांतही कायम राहिली. लाकडी तुळयांमुळे खांबांमधील अंतर अधिक ठेवता येई आणि कच्च्या विटांच्या भिंतींचे पावसापासून रक्षण व्हावे म्हणून वळचण बरीच पुढे काढलेली असे. तुळयांची टोके व छपराच्या कडा रंगीत मृण्मय फलकांनी मढवीत. ही सजावट लाकडाचे संरक्षणही करी.

वेयी येथील पोर्तोनाच्चो मंदिर (इ.स.पू. सुमारे ५१०) हे याचे ठळक उदाहरण आहे. त्याच्या आढ्यावर मोठ्या मृण्मय मूर्तींची रांग होती. त्यांतील पुढे पाऊल टाकणाऱ्या अपोलोची मूर्ती १९१६ मध्ये सापडली. ती आता रोमच्या व्हिला जुलिया संग्रहालयात आहे. रोममधील कॅपिटोलिन टेकडीवरील ज्युपिटरच्या मंदिरासाठी वेयीच्या वुल्का या शिल्पकारास बोलाविले होते, असे थोरल्या प्लिनीने नमूद केले आहे. कामात सहभागी झालेल्या ज्या थोड्या एट्रुस्कन कलावंतांची नावे आज ज्ञात आहेत, त्यांपैकी तो एक होय.

व्हिट्रुव्हिअसने दिलेले नियम सर्वत्र लागू पडत नाहीत. उत्खननात एका गाभाऱ्याची आणि वेगळ्या प्रमाणांची मंदिरेही सापडली आहेत. शिवाय तो एट्रुस्कन मंदिरांच्या उत्कर्षानंतर सुमारे चार शतकांनी लिहीत होता. त्यामुळे त्याचे वर्णन प्रत्यक्ष अवशेषांशी ताडून पाहणे आवश्यक ठरते.

कमानी आणि जलव्यवस्था

कमानीचा शोध एट्रुस्कनांनी लावला, हा पूर्वीचा समज योग्य नाही. पश्चिम आशियात कमान त्याआधीच ज्ञात होती. तथापि पेरुजा व व्होल्तेर्रा येथील नगरकोटांच्या कमानदार वेशी या इटलीतील दगडी कमानींची महत्त्वाची जुनी उदाहरणे आहेत. वेयीच्या परिसरात शेतजमिनीतील पाण्याचा निचरा करण्यासाठी ट्यूफा खडकात खोदलेल्या भुयारी मार्गांचे विस्तृत जाळे आढळते.

दफनवास्तू

चेर्वेतेरीजवळील बांदिताच्चा दफनभूमीत खडकात कोरलेल्या वर्तुळाकार जोत्यांवर मातीचे घुमटाकार ढिगारे रचलेले आहेत. त्यांच्या पोटात एक किंवा अधिक थडगी असतात. येथील थडग्यांमधून मार्ग व चौक आखलेले असल्यामुळे ती नगरासारखीच दिसते.

थडग्यांच्या आतील भागात घराचे हुबेहूब अनुकरण केलेले आढळते. छतावर आढे व वासे, भिंतींत दारे-खिडक्यांच्या चौकटी आणि खोल्यांत पलंग, हे सर्व खडकातच कोरलेले असे. काही थडग्यांत पाठ असलेल्या खुर्च्या आणि पाय ठेवण्याची आसनेही आहेत. इ.स.पू. चौथ्या शतकातील 'उठावशिल्पांच्या थडग्या'त भिंती व खांबांवर गिलाव्यामध्ये भांडी, सुऱ्या, दोर, उशा, शस्त्रे अशा नित्योपयोगी वस्तू घडवून रंगविलेल्या आहेत. ज्या लाकडी छपरांचा मागमूस उरलेला नाही, त्यांची रचना या कोरीव छतांवरून समजते. मात्र ही थडगी धनिक कुटुंबांची असल्यामुळे सामान्य जनांच्या घरांचे चित्र त्यांतून मिळत नाही.

तार्क्विनियाच्या मोंतेरोत्सी दफनभूमीत सुमारे ६,००० थडगी असून त्यांपैकी सुमारे २०० चित्रित आहेत. मेजवानी, नृत्य, संगीत, शिकार व खेळ हे येथील भित्तिचित्रांचे प्रमुख विषय होत. 'चित्त्यांचे थडगे' आणि 'शिकार व मासेमारीचे थडगे' ही त्यांतील विख्यात आहेत. इ.स.पू. चौथ्या शतकापासून चित्रांत परलोकातील भयप्रद दैत्यही अधिक दिसू लागतात.

समाज आणि स्त्रियांचे स्थान

चित्रांत व शिल्पांत एट्रुस्कन स्त्रिया पतीसमवेत मेजवानीस बसलेल्या दिसतात. चेर्वेतेरी येथे सापडलेल्या 'दांपत्याच्या शवपेटिके'वर (इ.स.पू. सुमारे ५२०) पती-पत्नी एकाच आसनावर रेललेले आहेत. ग्रीसमध्ये कुलीन स्त्रिया अशा मेजवान्यांत सहभागी होत नसत. त्यामुळे थिओपोम्पस या ग्रीक इतिहासकाराने एट्रुस्कन स्त्रियांना स्वैराचारी ठरविले. कोरीव लेखांतून वेगळे चित्र मिळते. रोमन स्त्री सामान्यतः कुलनावाने ओळखली जाई. एट्रुस्कन स्त्रीला मात्र रामथा, थाना यांसारखे स्वतःचे नाव असे. अनेक लेखांत मृताच्या पित्याबरोबर मातेचेही नाव नोंदलेले आहे.

भाषा आणि लिपी

एट्रुस्कन भाषा इंडो-युरोपीय कुलातील नाही. लेम्नोस बेटावरील प्राचीन भाषा आणि आल्प्समधील रेटिक या तिच्या जवळच्या भाषा मानल्या जातात. लिपी ग्रीक लिपीवरून घेतलेली असून लेखन बहुधा उजवीकडून डावीकडे केले जाई. सुमारे १३,००० लेख उपलब्ध आहेत. लिपी पूर्णपणे वाचता येते. परंतु बहुतेक लेख लहान असून त्यांत नावे व नातेसंबंधच असल्यामुळे निश्चित अर्थ माहीत असलेल्या शब्दांची संख्या मर्यादित आहे. 'क्लान' (मुलगा), 'पुइआ' (पत्नी) आणि 'अविल' (वर्षे) हे अशा शब्दांपैकी होत. १९६४ मध्ये पिर्जी येथे एट्रुस्कन व फिनिशियन भाषांतील मजकूर असलेले सोन्याचे पत्रे सापडले. सर्वांत दीर्घ लेख तागाच्या कापडावर असून त्या कापडाच्या पट्ट्या इजिप्तमध्ये एका ममीस गुंडाळलेल्या होत्या. तो आज झाग्रेब येथे आहे.

धर्म

तिनिआ, उनि आणि मेन्र्वा या प्रमुख देवता होत्या. देवांची इच्छा चिन्हांतून प्रकट होते, अशी श्रद्धा असल्याने विजा, पक्ष्यांचे उड्डाण आणि बळी दिलेल्या पशूचे यकृत यांवरून शकुन पाहण्याचे शास्त्र विकसित झाले. १८७७ मध्ये पिआचेन्झाजवळ सापडलेल्या, मेंढीच्या यकृताच्या काशाच्या प्रतिकृतीवर देवतांची नावे कोरलेली आहेत. तिच्या कडेचे १६ भाग हे आकाशाच्या १६ विभागांचे निदर्शक मानले जातात.

ऱ्हास आणि वारसा

इ.स.पू. ४७४ मध्ये कुमाईजवळील नाविक युद्धात सिराक्यूजने एट्रुस्कनांचा पराभव केला. इ.स.पू. ३९६ मध्ये रोमने वेयी जिंकले आणि इ.स.पू. तिसऱ्या शतकात उर्वरित नगरेही रोमच्या वर्चस्वाखाली आली. इ.स.पू. ९० नंतर एट्रुस्कनांना रोमन नागरिकत्व मिळाले आणि हळूहळू त्यांच्या भाषेची जागा लॅटिनने घेतली. सम्राट क्लॉडिअसने एट्रुस्कनांचा इतिहास ग्रीक भाषेत २० भागांत लिहिला होता. तो नष्ट झाला आहे. एट्रुस्कनांचे स्वतःचे ऐतिहासिक वा ललित साहित्यही उरलेले नाही. त्यामुळे त्यांचा लिखित इतिहास मुख्यतः ग्रीक व रोमन लेखकांच्या दृष्टीतूनच उपलब्ध होतो.

संवर्धन

चेर्वेतेरी व तार्क्विनिया येथील दफनभूमींचा २००४ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा स्थळांच्या यादीत समावेश झाला. थडगी उघडल्यानंतर आतील आर्द्रता व तापमान बदलून भित्तिचित्रांची हानी होते. यास्तव काही चित्रे भिंतींवरून काढून संग्रहालयात हलविण्यात आली; 'त्रिक्लिनिअम थडग्या'तील चित्रे १९४९ मध्ये अशा प्रकारे काढण्यात आली. बेकायदेशीर उत्खनन हाही गंभीर प्रश्न आहे. चेर्वेतेरीजवळील थडग्यातून चोरलेले, युफ्रोनिओसने रंगविलेले ग्रीक पात्र १९७२ मध्ये न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयाने विकत घेतले होते. ते २००८ मध्ये इटलीस परत मिळाले. पात्र परत आले, तरी ते थडग्यात कोठे व कोणत्या वस्तूंसोबत ठेवलेले होते, ही माहिती चोरीबरोबरच नष्ट झाली. ज्या संस्कृतीचा इतिहास बहुतांशी थडग्यांतूनच वाचावा लागतो, तिच्या बाबतीत ही हानी भरून निघणारी नाही.